हिरव्या-निळ्या डब्यांच्या वशाची कहाणी

ऐका हिरवेदेवा, निळेदेवा, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, उंच उंच इमारतींचं. तिथं चौथ्या मजल्यावर राधक्का नावाची म्हातारी एकटी राही. मुलगा दूरदेशी, सून तिकडंच, नातवंडं फोनच्या काचेत. दाराची बेल वाजवी ती एकटी शेवंता, कचरा नेणारी. हिरव्यात ओलं, निळ्यात सुकं, असा नगराचा नेम होता. शेवंता दारातच झाकणं उघडून बघे.

एके दिवशी चुकून निळ्या डब्यात शिळा भात गेला. शेवंतानं तोंड सोडलं, "काय गं आज्जे, रद्दीला जेवू घालतेस होय?" राधक्काला हसू फुटलं. घरात माणसाचा आवाज फिरला. दिवस बरा गेला.

मग तिनं काय केलं? दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुधाच्या पिशवीत साली कोंबल्या. शेवंता बोलली. तिसऱ्या दिवशी चहाचा चोथा कागदांत ओतला. शेवंता बोलली. चौथ्या दिवशी फुटकी बरणी खरकट्यात पुरली. शेवंता बोलली नाही, किंचाळली. हाताचा तळवा फाटला. चिंधी गुंडाळून तशीच गाडी ढकलीत गेली.

मग शेवंता येईना. दुसराच कोणी येई, डबे उपडे करी, चालू लागे. "बाबा, शेवंता कशी आहे रे?" त्याच्या कानांत वायरी. भिंती गप्प, भांडी गप्प, म्हातारी गप्प.

मग काठी टेकीत ती कचरा निवडायच्या पत्र्याच्या शेडात गेली. शेवंता एका हातानं पुठ्ठे निवडीत होती.

"शेवंते, काच मीच घातली. तू बोलावंस म्हणून घातली."

शेवंतानं पुठ्ठा खाली टाकला. मग कडाडली, "बोलायचं होतं तर आत ये म्हणायचं होतंस! माझा हात कशाला कापलास?"

"चुकलं बाई. आता काय करू?"

"वसा घे. ओलं हिरव्यात घाल. पिशव्या धुऊन, वाळवून निळ्यात घाल. काच कागदात बांध, वर तांबडी खूण कर, हातात दे. आळसू नको, विसरू नको, बोलण्यापायी कचरा कालवू नको."

राधक्कानं वसा घेतला. दोरीवर लुगड्याशेजारी दुधाच्या पिशव्या वाळू लागल्या. आजूबाजूच्या हसल्या. तिनं वसा टाकला नाही.

हाताची जखम भरली, शेवंता आली. झाकणं उघडली. हिरव्यात ओलं, निळ्यात सुकं. रागवायला काही उरलंच नाही. ती डबे रिकामे करून वळली. म्हातारी उंबऱ्याशी आली. कशीबशी म्हणाली, "शेवंते, चहा टाकलाय."

"घेते की. निवडायचा वेळ वाचला माझा." ती उंबऱ्यावर टेकू लागली.

"तिथं नको. आत ये."

शेवंता आत आली, खुर्चीवर बसली. एक घोट घेतला नि म्हणाली, "साखर कुठाय गं आज्जे? ती पण वेगळी काढून ठेवलीस का?"

राधक्का डोळे पुसून हसली.

जशी राधक्काच्या घरात शेवंता बसली, तशी तुमच्याआमच्या दारची माणसं आत येऊन बसोत. ही साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत सांगितली, ऐकणारीला सांगणारीला सुफळ होवो.