तुंब्यातला आरसा

या गोष्टीला आता इतकी वर्षे झाली, की त्या गावाचे नावही कुणाला आठवत नाही. डोंगरापलीकडच्या एका उंच पठारावर ते गाव होते. तिथे एक सुतार आणि त्याची बायको राहत असत. दोघे मिळून बैलगाडीची चाके करीत.

चाक तुम्ही पाहिले असेल. त्याच्या मधोमध जो जाड लाकडी गड्डा असतो, त्याला तुंबा म्हणतात. सगळे आरे या तुंब्यात रोवलेले असतात आणि त्याच्या पोटातल्या भोकातून गाडीचा आस जातो. एखादा आरा मोडला तरी चाक कसेबसे घरी पोचते. तुंब्याचे भोक चुकले, तर सगळे चाक वाया जाते.

हे भोक पाडायला सुताराने एक यंत्र केले होते. दोन खांब, त्यांच्यामध्ये उभे जाडजूड गिरमिट, वर दगडाचे ओझे आणि फिरवायला एक आडवा दांडा. सुतार दांडा फिरवी. बायको खाली बसून तुंबा दोन्ही तळव्यांनी घट्ट धरी. बाभळीचे लाकूड फार कठीण. गिरमिट फिरता फिरता तापे, आणि त्याच्याबरोबर लाकूडही तापे. तळव्यांना ऊब लागली की ती म्हणे, “थांबा.” तो थांबे. ती भोकात थोडे पाणी सोडी, भुसा झटकी आणि लाकूड निवेपर्यंत दोघे बसून राहत. कधी बोलत, कधी बोलतही नसत.

त्या गावातल्या चाकवाल्यांची रीतच तशी होती. तुंबा धरणाऱ्याने ‘थांब’ म्हटले, की दारात राजा उभा असला तरी दांडा थांबला पाहिजे.

यंत्रात एक खोट मात्र होती. गिरमिट खाली जाता जाता एका अंगाला कलायचे. भोक तिरपे पडायचे आणि चाक लंगडत चालायचे. सुताराने पुष्कळ डोके चालवले, पण काही उपाय सापडेना.

एके सकाळी बायको ताक घुसळत बसली होती. तिने हाक मारली, “अहो, जरा इकडे बघा.”

“ताक झालं वाटतं.”

“ताकाचं राहू द्या. ही रवी बघा. एवढी घुसळली तरी वाकडी जाते का?”

“ती कशी वाकडी जाईल? खांबाला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्यांत अडकवलीय की.” एवढे बोलला आणि त्याची नजर आपल्या गिरमिटाकडे गेली.

बायको हसली. “आणि तुमच्या गिरमिटाला एक तरी कडं आहे का?”

त्याच दिवशी सुताराने गिरमिटाला वर आणि खाली एकेक कडे बसवले. तेव्हापासून भोक सरळ पडू लागले. त्यांची चाके दूरदूरच्या गावांत गेली. कुणी वाखाणले की सुतार म्हणे, “अक्कल हिची, मेहनत माझी.” ती म्हणे, “आणि ताक दोघांचं.”

असे दिवस चांगले चालले होते. मग लागोपाठ तीन वर्षे पाऊस रुसला. आधी ओढा आटला. मग विहिरी आटल्या. शेवटच्या विहिरीत पोहरा खडखडू लागला, तेव्हा गावच्या पाटलाने सगळ्यांना पारावर बोलावले.

पाटील म्हणाले, “माळ ओलांडला की पलीकडे मोठी नदी आहे. तिला अजून पाणी आहे. आपल्याला गाव सोडायला हवं. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी गुरं घेऊन पुढं निघावं. म्हातारी, आजारी आणि बाळंतिणी गाड्यांतून जातील. दोन दिवसांची वाट आहे, आणि वाटेत पाण्याचा थेंब नाही.”

गाड्या बारा होत्या, पण चाके खिळखिळी झालेली. नवी चोवीस चाके हवी होती. विहिरीतले पाणी जेमतेम आठ दिवस पुरणार होते. आणि सुतार दिवसाला एकच तुंबा पाडत असे.

सुताराची म्हातारी आईही गाडीतूनच जाणार होती. तिला चार पावलेही चालवत नव्हते. सुतार दोन दिवस जेवला नाही की झोपला नाही. त्याने आपले यंत्र तेल्याच्या घाण्यासारखे बैलाला जोडले. दोन मोठी दातेरी चाके अशी बसवली, की बैलाने एक फेरी मारली की गिरमिटाच्या दहा फेऱ्या व्हाव्यात. तुंबा धरायला लोखंडी जबडा केला.

बायको नेहमीप्रमाणे तुंबा धरायला येऊन बसली. सुतार म्हणाला, “आता तू नको बसूस इथं. या वेगात हात सापडला तर बोटं जातील. जबडा धरतोय तुंबा.”

हे तो तिच्या काळजीने बोलला होता. तीही उठली आणि बाजूला झाली.

बैल फिरू लागला. गिरमिट गरगरू लागले. दुपारपर्यंत तीन तुंबे झाले, संध्याकाळपर्यंत सहा. भोके सरळ पडली होती आणि आतून अशी काळीभोर, गुळगुळीत झाली होती की उजेडाकडे धरली तर चकाकत. लोक बघायला जमले. पाटील म्हणाले, “अरे, हा तर आरसा आहे. असं काम आपल्या गावात कधी झालं नव्हतं.”

सुताराच्या बायकोने तुंब्यात बोट फिरवले आणि बाहेर काढले. बोट काळे झाले होते. तिने ते हुंगले.

ती म्हणाली, “हा गुळगुळीतपणा नाही. लाकूड आतून जळलंय. हा कोळसा झडायला लागला की वंगण पिऊन टाकील, आणि तुंबा आसावर तापेल.”

शेजारचा कुंभार हसत म्हणाला, “वहिनी, हातचं काम गेलं म्हणून पोटात दुखतंय का?”

“दुखतंय तर खरं,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मला धरू देऊ नका. पण मधेमधे बैल थांबवा. पाणी घाला, निवू द्या. एवढंच ऐका.”

“थांबायला दिवस कुठे आहेत? आणि तुंब्यात घालायला पाणी कुठे आहे?”

“मग पटाशीनं जळकं खरवडून तरी काढा.”

“चोवीस तुंबे? चाकं बांधायची कुणी मग? माझ्या आईला इथं तहानेनं मारू का?”

लोकांना सुताराचे म्हणणे पटले.

पण मुलांनो, एक गोष्ट फक्त सुतारालाच ठाऊक होती. दुसरा तुंबा पाडताना त्यालाही जळका वास आला होता. पूर्वी असा वास येण्याआधीच ‘थांबा’ हा शब्द येत असे. आता तो शब्द म्हणायला जवळ कुणी बसलेले नव्हते, आणि स्वतःला तो शब्द म्हणणे त्याला जमले नाही.

आठव्या दिवशी आठ गाड्या निघाल्या. शेवटच्या गाडीत सुताराची आई होती. म्हाताऱ्यांची देखभाल करायला सुताराची बायको तिच्याबरोबर निघाली. आता माणसे थोडीच उरल्याने विहिरीच्या तळचे पाणी आणखी दोन दिवस पुरणार होते; तेवढ्यात उरलेल्या चार गाड्यांची चाके बांधून सुतार मागून येणार होता.

गाडी निघताना तो म्हणाला, “आईला सांभाळ.”

ती म्हणाली, “सांभाळीन. तुम्ही जेवत जा वेळेवर.”

दोन दिवसांनी सुतार मागच्या गाड्या घेऊन निघाला. माळावर पहिल्याच दुपारी एका चाकातून कुरकुर ऐकू आली, मग धूर निघाला. त्याने तुंब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चाक उतरवून पाहिले, तर आत आरसा राहिला नव्हता. कोळशाची पूड झडून वंगणात मिसळली होती आणि त्याचा खरखरीत काळा चिखल झाला होता.

सुताराने पटाशी काढली. आठही तुंबे एकेक करून आतून खरवडले, नवे वंगण घातले, चाके पुन्हा चढवली. या कामाला एक दिवस लागला. सगळा मिळून एकच दिवस. त्यानंतर त्या गाड्या न कुरकुरता चालल्या.

वाटेत माळावर त्याला मोडून पडलेल्या गाड्या दिसल्या. एक, दोन, तीन. चौथीच्या तुंब्याला चीर गेली होती. प्रत्येक गाडीपाशी तो धावत जाई, आत डोकावून पाही आणि परत येई. त्याच्या आईची गाडी त्यांत नव्हती.

नदी आली. काठावर गाव उतरले होते. एका झाडाखाली त्याची आई बसलेली दिसली. सुताराचा जीव भांड्यात पडला. त्याने तिचे पाय धरले आणि विचारले, “ती कुठंय?”

म्हातारीने त्याला जवळ बसवून घेतले. बराच वेळ ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “लेका, चार गाड्या वाटेत राहिल्या. त्यांतली माणसं बाकीच्या गाड्यांत कोंबली. ओझं वाढलं, तशी चाकं आणखी तापायला लागली. दोन दिवसांची वाट पाच दिवसांची झाली. पाणी मोजून मिळायला लागलं, सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी.

“सूनबाई गाडीत बसलीच नाही. चाकाच्या बाजूनं चालायची. तुंब्याला तळवा लावायची आणि म्हणायची, थांबा. गाडीवान ऐकायचा तिचं. मग ती तुंब्यावर पाणी सोडायची, गाडी पुढं निघायची. दुसऱ्या कुणाच्या वाटचं पाणी तिनं घेतलं नाही. मी रोज विचारायची, पोरी, तू प्यालीस का? ती म्हणायची, हो, मघाशीच प्याले. मला वाटलं, प्याली असेल.”

“म्हणजे?” सुताराने विचारले.

“आपली वाटी ती तुंब्याला पाजत होती, लेका. सकाळची आणि संध्याकाळचीसुद्धा. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. नदी दिसली तेव्हा ती चालत होती. काठापाशी आली आणि खाली बसली. मी ओंजळीनं पाणी तिच्या तोंडाला लावलं. पण तिला ते गिळता आलं नाही.”

नदीकाठी थोडे उंचावर तिला अग्नी दिला होता. सुतार तिथे गेला आणि दिवस मावळेपर्यंत बसून राहिला. परत आल्यावर त्याने आईला विचारले, “माझ्यासाठी काही बोलली का?”

“बोलली,” म्हातारी म्हणाली. “म्हणाली, त्यांना सांगा, रागाच्या भरात यंत्र मोडू नका, चांगलं आहे ते. फक्त बैल सावकाश हाका.”

पुढे पाऊस आला, पण गाव पठारावर परत गेले नाही. नदीकाठीच वसले. सुताराने यंत्र तिथे आणून पुन्हा उभे केले. त्याने दातेरी चाके बदलली, बैलाची चाल कमी केली, तुंब्यापाशी हात सुरक्षित राहील अशी फळी बसवली. यंत्र आता खरोखर चांगले झाले होते.

मग तो फळीशी बसला आणि तुंब्यावर त्याने आपला तळवा ठेवला. जन्मभर दांडा फिरवून आणि वाकसाने लाकूड तासून त्याच्या हाताला जाड घट्टे पडले होते. लाकूड कधी तापले आणि कधी निवले, हे त्या हाताला समजेना. त्याने दुसरा हात ठेवून पाहिला. त्यालाही समजेना.

तेव्हापासून तो पाच-पाच फेऱ्यांनंतर बैल थांबवू लागला. लाकूड तापलेले असो की नसो, तो थांबे, पाणी घाली आणि बसून राही. एक तुंबा पाडायला त्याला पूर्वीपेक्षाही जास्त वेळ लागे.

पुष्कळ वर्षांनी एकदा परगावचा एक गाडीवान चाक न्यायला आला होता. तो कंटाळून म्हणाला, “मिस्त्री, एवढं चांगलं यंत्र आहे, मग घडोघडी थांबता कशाला?”

सुतार म्हणाला, “तिला कळायचं, कधी थांबायचं ते. मला कळत नाही. म्हणून थांबतो.”

गाडीवानाला काही उलगडा झाला नाही. पण त्याने म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. तो तसाच शेजारी बसला आणि लाकूड निवण्याची वाट पाहू लागला.

तात्पर्य : कोणतेही काम सुधारताना ‘थांब’ म्हणणाऱ्या माणसाची जागा त्यातून काढून टाकू नये.