बसून दाखव

टक्… टक्.

बोटांची पेरं लाकडावर आपटल्याचा हा आवाज श्रेणिक मगदूमने तेराव्या वर्षी ऐकला, सांगलीच्या क्लबात. त्याने पहिला अवघड लाल बॉल पॉकेटमध्ये घातला, तेव्हा बाबालाल मार्करनी टेबलाच्या काठावर पेरं आपटली होती. स्नूकरमध्ये शाबासकी अशीच देतात. समोर खेळणाराही देतो.

“मग माझा हात चुकतो तरी कुठे, वस्ताद?”

त्याच क्लबात बाबालालना हे विचारणारा श्रेणिक आता चौतीस वर्षांचा होता. बारा वर्षं देशोदेशी खेळून त्याने नाव कमावलं होतं. पण गेली दोन वर्षं हार पाठ सोडत नव्हती. पुढच्या आठवड्यात इंग्लंडात एक सामना. तो हरला की व्यावसायिक खेळाडूंच्या यादीतून नाव जाणार.

बाबालाल हिरव्या कापडावर ब्रश फिरवत होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या खेळाचे गुण मांडले, कापड झाडलं, बॉल पुसले, आणि त्यातूनच पोरांना शिकवलं.

“खेळून दाखव.”

श्रेणिक वाकला. लाल, काळा, लाल, काळा… टेबल रिकामं झालं. एक बॉल चुकला नाही.

“हात झकास आहे,” वस्ताद म्हणाले. “आता बसून दाखव.”

“काय?”

“त्या खुर्चीत. मी खेळतो. सामन्यात समोरचा खेळत असताना बसतोस तसा बस.”

श्रेणिकला हसू आलं. वस्तादांना सत्त्याहत्तरावं वर्ष लागलेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पण शब्द मोडवेना. बसला.

वस्तादांनी बॉल मांडले. क्यूच्या काठीच्या टोकाला खडू लावला. पुन्हा लावला. मग मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखे टेबलाभोवती फिरले, सगळीकडून नीट पाहून घेतलं, आणि परत खडू लावला.

श्रेणिकने टॉवेल पिळला. पाणी प्याला. घड्याळ बघितलं.

वस्तादांनी एक लाल घातला.

“इथून मी काळा घेतला असता,” श्रेणिक पुटपुटला.

“घेतला असतास की. पण तू बसलायस.”

वस्तादांनी निळा घातला. श्रेणिकचा पाय हलायला लागला. त्याने टॉवेलला आणखी एक पीळ दिला.

“फार लांबून मारताय आता. चुकणार.”

वस्ताद थांबले. चष्म्यावरून पाहिलं.

“चुकू दे म्हणून दुवा मागतोयस होय रे?”

श्रेणिकचे कान तांबडे झाले…

दोन वर्षं, प्रत्येक गावच्या प्रत्येक खुर्चीत, त्याने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

एक लाल बॉल टेबलाच्या काठाला चिकटून बसला होता. चांगल्या चांगल्यांनी हात जोडावेत असा. वस्ताद वाकले. श्वास घेतला, सोडला.

“चला रावसाहेब, निघा,” ते पांढऱ्या बॉलला म्हणाले.

रावसाहेब निघाले. लालला जेमतेम खांदा लावला. मग तीन काठांना रामराम करत माघारी आले आणि काळ्याशेजारी निवांत थांबले. तोवर लाल काठाकाठाने सरकत पॉकेटच्या तोंडाशी पोचला होता. क्षणभर घुटमळला. पडला.

टक्… टक्.

श्रेणिकने आपल्या हाताकडे पाहिलं. पेरं खुर्चीच्या दांडीवर होती. टॉवेल कधीच खाली पडला होता.

वस्तादांनी वळून पाहिलं नाही. पुढचा काळा, अगदी समोरचा आणि सोपा, साफ चुकवला.

“घे. आली तुझी पाळी.”

श्रेणिक उठलाच नाही.

“वस्ताद… तो लाल परत तिथं ठेवतो. आणखी एकदा मारा की.”

वस्तादांनी क्यू भिंतीला टेकवला. ब्रश उचलला.

“मी कशाला? पुढच्या आठवड्यात समोरचा मारेल. त्याला म्हण.”

श्रेणिकने खाली पडलेला टॉवेल उचलला, नीट घडी केली. मग उठला, क्यूची पेटी उचलली, आणि पायऱ्या उतरून गेला.