पट्ट्याच्या आतली शिवण

एकदा एका राखणदाराचा उजवा पाय अपघातात गेला. दरवर्षी नवरात्रात देवीच्या दागिन्यांची पेटी खजिन्यातून देवळापर्यंत राखत नेण्याचा मान त्याच्या घराण्याचा. वडील कमरेला पिस्तूल लावून पेटीपुढे चालत, आणि लहानपणी तो त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मागून जाई. यंदा पंच म्हणाले, "पेटी राखता येईल असं दाखव. नाहीतर मान दुसऱ्या घराला जाईल."

तो वृद्ध उस्तादांकडे गेला. वडिलांनाही पिस्तूल चालवायला त्यांनीच शिकवले होते. चाकांची खुर्ची त्याने मुद्दाम दाराबाहेर ठेवली आणि कुबडीवर उभा राहिला. पण उजवा हात कमरेच्या रिकाम्या पिस्तुलाकडे गेला, की कुबडी सुटे आणि तो जमिनीवर येई.

"पूर्वी मी असा उभा राहायचो ना..."

"ठाऊक आहे. मी तिथंच होतो," उस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद स्वतःच त्या खुर्चीत बसून सराव करू लागले. कमरेचे पिस्तूल खुर्चीच्या हाताला अडके. निघालेच, तर गोळी निशाण चुकून मागच्या मातीच्या बांधात जाई. ज्यांच्या नेमाच्या गोष्टी गाव पोरांना सांगे, ते आठ दिवस सर्वांसमक्ष चुकत राहिले.

"उस्ताद, पाय माझा गेलाय," शिष्य अखेर म्हणाला.

"आणि मी चाळीस वर्षं उभ्या माणसांनाच शिकवलंय. मला येत नाही ते तुला कसं देऊ? आधी चुकून तर बघू दे."

नवव्या दिवशी त्यांनी शिष्याच्या कमरेचा, त्याच्या वडिलांचा पिस्तुलाचा पट्टा मागून घेतला आणि कात्री उचलली. शिष्याने त्यांचा हात धरला. "बाबांचा आहे हो. एवढा तरी राहू द्या."

उस्तादांनी पट्टा उलटा केला. आत एक जुनी, जाडीभरडी शिवण होती.

"हा तुझ्या आजोबांचा, तलवारीचा. घरात पिस्तूल आलं तेव्हा तुझ्या बाबांनी इथंच बसून कापला. डोळे पुसत पुसत कापला. बाळा, तू त्यांची चाल सांभाळत बसलास. त्यांनी पेटी सांभाळली."

शिष्याने हात सोडला.

नव्याने शिवलेला पट्टा छातीवर तिरका बसला. पिस्तूल डाव्या कुशीशी आले, उजव्या हाताला सहज. महिनाभर तो बसूनच शिकला, आणि पंचांनी पाहून मान डोलावली.

त्या नवरात्रात पेटी त्याच्या मांडीवर होती. वडिलांना ती इतकी जवळ कधीच मिळाली नव्हती.