तांबटाच्या यंत्राचं सुतक

शेतोशेती मोटा कुरकुरायच्या, त्या काळातली गोष्ट. धोंडू तांबटाने सारं आयुष्य घालवून गावातलं वाफेचं पहिलं यंत्र घडवलं आणि एका सकाळी तो गेला. त्याच्याच इच्छेप्रमाणे बायको अनसूया भट्टी पेटती ठेवून यंत्राच्या हंड्याशेजारी बसून राहिली.

यंत्राने मात्र सुतक पाळायचं ठरवलं. चाक थांबलं, शिट्टी गप्प झाली.

"आज कुणी हूं की चूं करायचं नाही," हंडा गुरगुरला.

त्याच्या माथ्यावरची छोटी झडप बेचैन झाली. खालून वाफ धडका देत होती. "हंडेदादा, तुमचे सांधे करकरताहेत. थोडी वाफ सोडू द्या."

"बाप गेला नि तुला फुसफुसायचं सुचतंय?" चाक खेकसलं.

झडपेने अंग आवळून धरलं. पण पहिला हंडा फुटून धोंडूचा हात भाजला होता, त्यानंतरच त्याने तिला घडवलं होतं. आणि आता अनसूया अगदी जवळ होती.

"बापानं मला गप्प बसायला नाही घडवलं!" म्हणत ती उघडली.

वाफ छपरापर्यंत उसळली. हंड्याची करकर थांबली. अनसूयेने दचकून वर पाहिलं.

"अहो, आहात होय अजून इथंच," ती पुटपुटली आणि तिने भट्टीत आणखी एक लाकूड सारलं.

मग चाकही निमूटपणे फिरू लागलं.