चुळीचा दगड

घोणसगडाच्या माथ्यावर खडकात कोरलेले एक टाके आहे आणि त्याच्या काठाशी गुडघाभर उंचीचा एक दगड आहे. दगड देखणा नाही. त्याच्यावर चिखलाचे ओघळ वाळलेले असतात, जुने पोपडे सुटलेले असतात, आणि कोणी शेंदूर लावू पाहिला तर गावकरी लावू देत नाहीत. पाहताक्षणी किळस येते. ती यावी अशीच योजना आहे, असे गडाचे वृद्ध गुरव भिवबा सांगतात.

परवा शहरातून काही मंडळी आली होती. त्यांतले एक गृहस्थ टाक्याकडे पाहून हात पसरून म्हणाले, "अहाहा! अमृत, साक्षात अमृत!"

भिवबांनी तोंड वाकडे केले. "पिऊन बघितलंत, पाहुणे?"

"नाही अजून."

"मग अमृत कुणी प्यालं?"

मंडळी हसली. भिवबा हसले नाहीत. त्यांनी सर्वांना दगडापासून चार हात दूर बसवले आणि आख्यान सांगितले.

फार पूर्वी या गडावर विश्वंभरभट नावाचा कवी राहत असे. किल्लेदाराचा तो आश्रित. व्युत्पन्न होता, व्याकरण त्याला मुखोद्गत होते. पण कोणतीही वस्तू आहे तेवढीच सांगणे हा त्याला आपल्या विद्येचा अपमान वाटे. किल्लेदाराला शिंक आली तर दिग्गज डळमळत. किल्लेदारीणबाईंनी दिवा लावला तर सूर्य लज्जेने मावळे. ऐकणारे माना डोलवीत आणि त्याला शाल मिळे. त्याची बायको उमा तेवढी कपाळाला हात लावी. "अहो, जेवायला बसता का," ती म्हणे, "की भाताचा हिमालय झाल्याशिवाय पानावर यायचं नाही?"

एका उन्हाळ्यात टाक्याचे पाणी वीतभर खाली गेले. विश्वंभर तेव्हा खोऱ्याच्या देसायांच्या दरबारी होता. तेथे त्याने असा काही आकांत मांडला की सप्तसागर आटले, मेघांच्या घशाला कोरड पडली, गडावरची बाळे मातांचे अश्रू पिऊन जगत आहेत. देसाई हेलावले. त्यांनी पाण्याच्या पखाली लादून बैल गडावर धाडले. घाटात एक बैल कोसळून मेला. उरलेले वर पोचले, तर बायका भरल्या टाक्यावर घागरी विसळीत होत्या. पखालजींनी पाणी तेथेच ओतले, कवीच्या नावाने थुंकले आणि ते परत गेले. विश्वंभराला त्यात काही लागले नाही. श्लोक उत्तम झाला होता.

पुढे दोन वर्षांनी गडाला शत्रूचा वेढा पडला. तोफांच्या दणक्याने टाक्याच्या तळाला तडा गेला आणि पाणी खडकात जिरून गेले. तळाशी चिखल उरला. माणसे तो फडक्यात बांधून चोखू लागली. प्रथम गुरे मेली, मग म्हातारी माणसे. देसायांची फौज आली तरच सुटका होती. आणि शत्रूच्या चौकीतून जाऊ दिला जाईल असा, शस्त्र न धरणारा, देसायांच्या ओळखीचा माणूस गडावर एकच होता.

निघताना उमेने ओल्या चिखलाची पुरचुंडी त्याच्या हाती दिली. तिचे ओठ फुटले होते.

"वाटेत चोखा. आणि तिथं उपमा देऊ नका. पाणी नाही, एवढंच सांगा."

"एवढंच सांगेन."

"एवढंच तुम्हाला कधी सांगता आलंय?" असे म्हणून ती हसली, असे सांगतात. हसताना ओठातून रक्त आले.

चौकीवर पहारेकऱ्याने अडवले. "काय हो भटजी, वर पाणी किती?"

"क्षीरसागर उचंबळतो आहे," विश्वंभर म्हणाला. खरे सांगता येत नव्हते.

"म्हणजे दोन घागरी असतील!" पहारेकरी खिदळला. "सोडा रे याला. हा कुठं जाऊन काय सांगणार, आणि सांगितलं तरी खरं कोण मानणार?"

ते वाक्य विश्वंभराच्या मनात रुतले. उतार उतरताना तो चिखल चोखत होता, तहान अनावर होऊन गिळतही होता, आणि प्रत्येक वळणावर स्वतःला बजावत होता: पाणी नाही. पाणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो देसायांच्या दरबारी पोचला. सेवकाने वाळ्याच्या सरबताचा तांब्या पुढे केला. तो त्याने एका दमात रिता केला. मग उभा राहून म्हणाला, "गडावर पाणी नाही. माणसे चिखल चोखत आहेत. मरत आहेत. फौज पाठवा."

सारे दरबारी पुढच्या चरणाची वाट पाहत होते.

"कविराज," तुळाजीराव देसाई मिशीत हसले, "मागच्या खेपेला सप्तसागर आटले होते. यंदा चिखल तरी उरलाय. म्हणजे बरंच सुधारलं म्हणायचं!"

हशा पिकला. विश्वंभराने तीच वाक्ये पुन्हा उच्चारली. या वेळी देसायांचे राजकवी, ज्यांना शब्दभूषण अशी पदवी होती, आसनावरून उठले. "महाराज, यातली खुबी पाहिलीत? ही स्वभावोक्ती! वस्तू जशी आहे तशी सांगणे, हाही शास्त्राने अलंकारच मानला आहे. भटजींनी या वयात शैली पालटली. धन्य!"

टाळ्या झाल्या. कोणी अंगठी काढून दिली. शब्दभूषणांनी लगोलग आपल्या परीने भर घातली की तहान ही विरहिणी आहे आणि चिखल हा तिने अंगाला लावलेला चंदनाचा लेप. दरबारातून वाहवा उठली.

विश्वंभर ऐकत होता. ही कारागिरी त्याच्या ओळखीची होती. कोणत्या शब्दानंतर मान डोलावी हेही त्याला ठाऊक होते. उमेच्या फुटलेल्या ओठांवर लोक चंदन थापीत होते, आणि ते कसे थापावे हे त्यानेच तर या दरबाराला शिकवले होते. तो बोलायला गेला आणि भर दरबारात, गालिच्यावर, ओकला.

येथे भिवबा नेहमी थांबतात. काही लोक सांगतात की तो पाच घागरी चिखल ओकला. भिवबांना त्याचा संताप येतो. "ओंजळभर होता," ते म्हणतात. "ओंजळभर पुरला."

काळा चिखल होता तो. त्यात शेवाळाचे तंतू होते, आणि घाण सुटली होती. दरबाऱ्यांनी नाकाला शेले लावले. देसाई मात्र खाली उतरले. त्यांनी तो चिखल बोटांत चोळून पाहिला आणि विचारले, "शब्दभूषण, हा कोणता अलंकार?"

घटकाभरात फौज निघाली.

वेढा उठला. गड वाचला. पण विश्वंभर वर पोचला तेव्हा उमा टाक्याच्या काठाशी पडली होती. तिचे फडके कोरडे होते. आदल्या दिवशी दुपारी ती गेली, असे शेजारणींनी सांगितले. दरबारात टाळ्या होत होत्या तीच ती वेळ, असे म्हणतात.

लोक म्हणाले, "भटजी, तिच्यासाठी चार ओळी बोला." त्याने तोंड उघडले, आणि जिभेवर पहिला शब्द आला तो 'चंद्रकला'. इतक्या वर्षांची सवय. त्याला त्या शब्दाची शिसारी आली. तो टाक्यात उतरला, तळाचा चिखल त्याने तोंडात कोंबला, देसायांच्या माणसांनी आणलेले पाणी त्यावर घेतले, खळखळून चूळ भरली आणि काठच्या दगडावर थुंकला. पुन्हा भरली, पुन्हा थुंकला. मग म्हणाला,

"उमा मेली. तहानेने मेली. मी उशिरा आलो."

पुढे त्याने काव्य केले नाही, असे सांगतात.

टाक्याचा तडा मागाहून शिशाने बुजवला. पाणी परत आले. आजही घोणसवाडीत लग्नात वधूवरांची स्तुती करायची असो, कोणाच्या मागे दोन शब्द बोलायचे असोत, की पाहुण्याला गावाचा गौरव करायचा असो, बोलणाऱ्याने आधी टाक्याच्या तळचा चिमूटभर गाळ पाण्यात कालवून चूळ भरायची आणि या दगडावर टाकायची. दातांत कचकच राहते. माणूस थोडके बोलतो.

आख्यान संपल्यावर मघाचे गृहस्थ उठले. त्यांनी गाळ घेतला, डोळे मिटून चूळ भरली आणि दगडावर थुंकली. बराच वेळ तोंड पुसत राहिले. मग ओंजळभर पाणी प्याले.

"पाणी गार आहे," ते म्हणाले.

"आहे," भिवबा म्हणाले.