मुद्गलाचं फूल

मुक्या वस्तूंचं बोलणं मला शब्द न् शब्द कळतं. बायकोचं चाळीस वर्षांत कळलेलं नाही, ते सोडा.

माझ्या तोंडात सगळे दात होते, तेव्हाची गोष्ट. आमचा शेजारी येसबा रोज पहाटे अंगणात व्यायामाचा लाकडी मुद्गल फिरवायचा. त्याचे दंड भरले, तसा मुद्गल गर्वानं फुगला. अवजारं पुजायची खंडेनवमी आठवड्यावर आली, तर मुद्गल भाकरीचं पीठ मळायच्या काठवटीला म्हणाला, "मागं सरक गं! येसबाचं हे शरीर मी कमावलंय. पहिलं फूल माझं!"

नेमकी दुसऱ्याच दिवशी काठवट तडकली आणि सुताराकडं गेली. भाकरी बंद झाली, येसबा चुरमुऱ्यांवर राहिला. चौथ्या पहाटे मुद्गल त्याच्या हातून निसटला आणि थेट शेणात पडला.

खंडेनवमीला काठवट सांधून परत आली. पहिलं फूल मुद्गलालाच मिळालं, पण त्यानं ते हळूच तिच्याकडं घरंगळवलं. "काठवटबाई, तू आहेस म्हणून मला कुणी उचलतं. लई उपकार झाले."

"उपकार राहू देत," काठवट म्हणाली. "तू घुमलास की येसबा सहा भाकऱ्या जादा खातो, आणि तेवढ्या पिठाचे रट्टे मी सोसते. आता सांग, जास्त कसरत कुणाची?"