टिटवीचे निशाण

एका राज्यात, जिथे माणसांइतकीच पाखरेही बोलत आणि डोहातल्या मगरींना न्यायनिवाडा ठाऊक असे, सोनतळे नावाची एक नगरी होती. नगरीच्या राखणीला चाळीस शिपाई आणि त्यांच्यावर नाईक सटवोजी. मिशा पिळदार, गुडघा दुखरा, मन सरळ.

पण या शिपायांना एक शाप होता. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या नाईकाने कुंभक नावाच्या मांत्रिकाला, देवीचा सोन्याचा कळस चोरल्याच्या संशयावरून, भर चौकात फटके मारले होते. कुंभकाने उठून अंगावरची धूळ झटकली आणि एवढेच म्हटले, "तुमच्या वर्दीला कोणी ओळखणार नाही." तत्क्षणी ढालींवरचे, बिल्ल्यांवरचे, निशाणावरचे चिन्ह पुसून गेले.

तेव्हापासून वर्दीतला शिपाई लोकांना खांबासारखा दिसे. बायका त्याच्या हातावर लुगडी वाळत घालीत, गुराखी त्याच्या पायाला शेळी बांधून जात. त्याची आरोळी वाऱ्यासारखी ऐकू येई. वर्दी उतरवावी, तर चोराला धरण्याचा हक्क उरत नसे.

अशात कराळ नावाच्या दरोडेखोराने निरोप धाडला, की जत्रेच्या दिवशी भर दुपारी येऊन देवीचे दागिने नेईन. तुमच्या खांबांना माझा नमस्कार सांगा.

सटवोजीने वर्दीचे गाठोडे बांधले, अंगावर साधी बंडी चढवली आणि तो राजाच्या चिन्हशाळेत गेला. तिथे भिंतीवरच्या निशाणांतले सिंह जांभया देत होते. चिन्हे देणारी म्हातारी हंसावती हिने त्याचे सारे ऐकून घेतले आणि एक कोरे पांढरे कापड त्याच्या हाती ठेवले.

"चिन्ह नुसते मागून मिळत नाही, नाईक," ती म्हणाली. "आकृती स्वखुशीने यावी. रंग खरेपणातून यावा. आणि ब्रीद, ज्याने शाप दिला त्याच्याच तोंडून यावे."

सटवोजी आधी सिंहाकडे गेला. शिपायांच्या ढालीवर बसणे आपल्याला शोभत नाही, असे सिंहाने सांगितले. हत्ती तयार होता, पण राजाच्या आधी मुजरा मला, अशी त्याची अट होती. दमलेला सटवोजी नदीच्या वाळवंटातून निघाला, तोच एक टिटवी ओरडत त्याच्या तोंडावर आली. त्याने उचललेला पाय तसाच धरून ठेवला. पाहतो तो खाली गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच चार अंडी. तो एका पायावर वळला आणि लांबून गेला.

टिटवी मागोमाग आली. "माझ्या ओरडण्याला लोक अपशकुन म्हणतात," ती म्हणाली.

"पूर्वी आमच्या येण्यालाही म्हणत," सटवोजी म्हणाला.

टिटवीला तो माणूस आवडला. अंड्यांवर आपल्या नराला बसवून ती त्याच्या खांद्यावर येऊन बसली. ढालीवर येईन म्हणाली, फक्त अंडी उबवायची पाळी चुकवणार नाही.

तिनेच त्याला रंगडोहाची वाट दाखवली. डोहात एक म्हातारी मगर होती. तिने सांगितले, की कापड पाण्यात धर आणि कोणाला न सांगितलेले सांग. सासुरवाडीला चोरून लाडू खाल्ल्याचे सटवोजीने सांगितले. कापड पांढरेच राहिले आणि मगरीने डोळे मिटले. मग त्याने कापड पुन्हा पाण्यात धरले. शेवटी म्हणाला, "कुंभकाला फटके बसले, तेव्हा त्याचे हात मी धरले होते."

एवढे बोलल्यावर पुढचे आपोआप आले. तिसऱ्या दिवशी कळस पुजाऱ्याच्याच कोठीत सापडला होता, घासायला ठेवलेला. शिपायांना कळले, पण कुंभकाला सांगायला कोणी गेले नाही. सांगता सांगता सटवोजीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि ती लाली चेहऱ्यावरून उतरून कापडात गेली. कापड डाळिंबाच्या दाण्यासारखे झळकू लागले. वीस वर्षांत पहिल्यांदाच सटवोजीला छाती भरून श्वास घेता आला.

आता कुंभकाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. डोंगरापलीकडे एका झोपडीत तो मातीची खेळणी करीत होता आणि केलेला प्रत्येक घोडा अंगणभर दौडत होता. सटवोजीने दाराबाहेर वर्दी चढवली, मगच आत गेला. शाप देणाऱ्याला वर्दी दिसत होती. कुंभकाचे हात थांबले.

"तुम्ही निर्दोष होता," सटवोजी म्हणाला. "हात मी धरले होते. क्षमा मागायला आलो आहे."

"कळस सापडला?"

"तिसऱ्याच दिवशी."

"मग कळवले का नाही?"

"लाज वाटली. पुढे पुढे लाजेचीच सवय झाली."

कुंभकाने मातीचे हात धुतले, पाहुण्याला गुळपाणी दिले आणि म्हणाला, "त्या दिवशी मला कोणी काही विचारलेच नाही, नाईक. विचारले असते तर पुरे होते. घ्या तुमचे ब्रीद. आधी पुसावे, मग धरावे."

दोघे मिळूनच चिन्हशाळेत गेले. हंसावतीने ब्रीद सोनेरी दोऱ्याने भरले, वर राजमुद्रा उठवली. टिटवी उडी मारून कापडात शिरली आणि एक पाय उचलून उभी राहिली. त्याच क्षणी चाळीसही ढालींवर तेच डाळिंबी चिन्ह उमटले. टिटवी अंड्यांवर बसायला गेली, की रोज दोन प्रहर निशाण कोरे दिसेल, त्याला दोष मानू नये, असे हंसावतीने आज्ञापत्रात स्पष्ट लिहिले.

जत्रेच्या दुपारी कराळ वीस माणसे घेऊन वेशीत शिरला. समोर डाळिंबी ढालींची भिंत उभी होती, आणि साऱ्या नगरीला ती दिसत होती. सटवोजी पुढे झाला आणि ब्रीदाप्रमाणे त्याने नम्रपणे पुसले, "आपण कोण, आणि कशासाठी येणे केले?"

कराळला आजवर असे कोणी पुसले नव्हते. तो गोंधळला आणि खरे तेच बोलून गेला, "मी कराळ. दागिने चोरायला आलो."

मग त्याला धरले, त्याच्या माणसांसकट.

ज्या चौकात फटके बसले होते, त्याच चौकात कुंभकाला शेजारी उभे करून सटवोजीने साऱ्या नगरीला त्याची खरी हकिकत सांगितली. माणसे एकेक करून पुढे येऊन कुंभकाच्या पाया पडू लागली. पुजारी सर्वांत शेवटी आला आणि सर्वांत जास्त वेळ वाकून राहिला. कुंभकाने त्याला उठवले. संध्याकाळी सटवोजीच्या बायकोने दोघांची पाने शेजारी मांडली आणि आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या.

सोनतळ्याला जशी सचोटीची राखण लाभली, तशी ऐकणाऱ्यांच्या गावालाही लाभो.